मॅक्रो असलेल्या कोडचं कव्हरेज खोटं का दिसतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ऐरोलीत वीजमीटरच्या फर्मवेअरवर काम करता. कोड सी भाषेत आहे, युनिट टेस्ट पीसीवर चालतात, कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला ते, जीसीसी कंपायलरच्या जीकोव्हनं मोजता आणि रिपोर्ट एलकोव्हनं काढता. लाइन कव्हरेज (किती ओळी चालल्या) ९६ टक्के येतं, पण ब्रांच कव्हरेज (अटींच्या किती फांद्या चालल्या) ५१ वर अडकलंय. दोन आठवडे टेस्ट लिहूनही ते हलत नाही आणि मॅनेजरना रिलीजआधी ८० हवेत. टीममधला एकजण म्हणतो की सगळा दोष लॉग आणि चेकच्या मॅक्रोंचा (कंपाइल होताना मोठ्या कोडमध्ये उलगडणाऱ्या छोट्या नावांचा) आहे, त्या ओळी रिपोर्टमधून वगळून टाकू. तुमच्याच कंपनीतल्या, एलिक्सिर भाषेत कोड लिहिणाऱ्या टीमचा अनुभव उलटा आहे: त्यांची मॅक्रोची फाइल रोज वापरात असूनही शून्य टक्के दाखवते.

आधी एवढंच सांगतो की ओळी वगळू नका, निदान आज तरी. तुमचा सहकारी मॅक्रोंवर बोट ठेवतोय ते बरोबर आहे, पण औषध चुकीचं सुचवतोय.

मी आधी ठाण्यात वागळे इस्टेटला आणि मग महापेला, असं मिळून बावीस वर्षं फर्मवेअर लिहितोय. कव्हरेजचा आकडा बिघडला की पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: हा रिपोर्ट कोणत्या कोडचा आहे? आपण एडिटरमध्ये बघतो तो कोड कंपायलरला दिसतच नाही. आधी प्रीप्रोसेसर येतो, मॅक्रो उलगडतो, इफडेफमधला (ठराविक नाव दिलेलं असेल तरच ठेवायचा) नको असलेला कोड कापून टाकतो, आणि उरतं ते कंपायलरच्या हातात जातं. जीकोव्हचे काउंटर त्या उरलेल्या कोडवर बसतात. रिपोर्ट छापताना मात्र ते आकडे तुमच्या मूळ फाइलच्या ओळींपुढे मांडले जातात. घोळ या दोन टोकांच्या मध्ये होतो, आणि तो तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी होतो. तिन्हींचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

तुमचं ५१ टक्के बहुतेक पहिल्या तऱ्हेतलं आहे. तुमच्यासारख्या कोडमध्ये हमखास सापडणारी एक ओळ घेऊ: चेक_रिटर्न नावाचा मॅक्रो आणि त्याच्या कंसात ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) वाचण्याचा कॉल. एडिटरमध्ये ही एक ओळ. जीसीसीला कॅपिटल ई चा पर्याय देऊन ती उलगडून बघा. आतून साधारण हे निघतं: कॉल करा आणि उत्तर स्टेटसमध्ये ठेवा, स्टेटस ठीक नसेल तर आत जा, आत लॉगची पातळी पुरेशी असेल तर लॉग लिहा, डीबगचा हुक, म्हणजे चुका शोधायला जोडलेलं फंक्शन, बसवलेला असेल तर तो बोलवा, आणि स्टेटस घेऊन फंक्शनमधून परत जा. तीन 'जर' आले, म्हणजे सहा फांद्या. या सगळ्याभोवती गुंडाळलेल्या डू-व्हाइल लूपची अट कायम शून्य असते, ती कंपायलर स्वतःच काढून टाकतो, तिची फांदी मोजली जात नाही.

आता एका फंक्शनमध्ये अशा आठ ओळी असतील तर आठ सख अठ्ठेचाळीस फांद्या झाल्या. तुमची नेहमीची टेस्ट, जिच्यात सगळं सुरळीत चालतं, ती प्रत्येक ओळीतली एकच फांदी वापरते. म्हणजे ४८ पैकी ८, सुमारे १७ टक्के. आणि त्याच वेळी लाइन कव्हरेज शंभर टक्के, कारण आठही ओळींना काउंटरनं हजेरी लावलेली असते. नव्या मुलांना मी हे सोसायटीच्या गेटवरच्या वहीवरून समजावतो. वॉचमनच्या वहीत माणूस आत आल्याची नोंद असते. तो कुठल्या मजल्यावर गेला, कुठलं दार वाजवलं, हे त्या वहीत नसतं. मॅक्रो म्हणजे एका गेटच्या मागे उभा असलेला पूर्ण टॉवर. जीकोव्हच्या मॅन्युअलमध्येही हे स्पष्ट लिहिलंय: आकडे ओळीनुसार गोळा होतात, त्यामुळे गुंतागुंतीच्या मॅक्रोंची माहिती फक्त मॅक्रो जिथे वापरला त्या ओळीवर दिसते, आणि फंक्शनसारखा वागणारा मॅक्रो असेल तर त्या जागी इनलाइन फंक्शन वापरा.

त्या सहा फांद्यांकडे नीट बघा, कारण त्या सगळ्या सारख्या मोलाच्या नाहीत. लॉगच्या दोन आणि हुकच्या दोन या मॅक्रोच्या आहेत. त्या एकदा कुठेतरी तपासल्या की काम झालं, आठ ठिकाणी आठ वेळा तपासण्यात काही हशील नाही. उरलेल्या दोन, म्हणजे 'वाचन जमलं' आणि 'वाचन फसलं', या तुमच्या फंक्शनच्या आहेत, आणि प्रत्येक ओळीवर त्यांचा अर्थ वेगळा आहे.

'फसलं'ची फांदी का महत्त्वाची, ते एका रिव्ह्यूमधल्या गोष्टीवरून सांगतो. फंक्शनच्या सुरुवातीला इंटरप्ट (हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाका) बंद केले होते, शेवटी चालू केले होते, आणि मध्ये चार चेक_रिटर्न होते. वाचताना सगळं सरळ वाटत होतं. पण मॅक्रोच्या पोटात रिटर्न होता. तिसरं वाचन फसलं की फंक्शन तिथूनच परत जाणार आणि इंटरप्ट कायमचे बंद राहणार, म्हणजे मीटर जागच्या जागी गोठणार. रिपोर्टमध्ये ते फंक्शन पूर्ण हिरवं होतं, म्हणजे सगळ्या ओळी चाललेल्या होत्या. तुमच्या सहकाऱ्यानं सुचवल्याप्रमाणे त्या ओळींच्या फांद्या वगळल्या असत्या, तर ही चूक दाखवणारी एकुलती एक खूणही गेली असती. एलकोव्हच्या कॉन्फिग फाइलमध्ये मॅक्रोचं नाव टाकून त्या नावाच्या प्रत्येक ओळीच्या फांद्या एका झटक्यात गाळता येतात. एका ओळीचं काम आहे आणि आकडा लगेच चढतो, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

मी काय करतो ते सांगतो. लॉग आणि हुकचा भाग मॅक्रोतून काढून एका साध्या फंक्शनमध्ये टाकतो, त्याला चूक_नोंदवा म्हणू. फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर लॉगमध्ये हवा असतो आणि तो मॅक्रोशिवाय मिळत नाही, तर मॅक्रोनं ते दोन्ही पॅरामीटर म्हणून पुढे द्यायचे. मॅक्रोत मग एक 'जर', एक कॉल आणि रिटर्न एवढंच राहतं. बोलावणाऱ्या फंक्शनमधून परत जाणं इनलाइन फंक्शनला जमत नाही, त्यामुळे मॅन्युअलचा सल्ला इथे पूर्ण लागू पडत नाही, तेवढा मॅक्रो ठेवावाच लागतो. पण हिशेब बघा: आठ ओळींच्या १६ फांद्या आणि चूक_नोंदवाच्या ४, मिळून २०. आधी ४८ होत्या. नव्या टेस्टची एक ओळही न लिहिता रिपोर्ट खरा झाला, आणि त्या १६ मधल्या ज्या आठ लाल आहेत त्या खरोखर लिहायच्या टेस्ट आहेत. बनावट ईईप्रॉमला 'तिसरं वाचन फसव' असं सांगता आलं की एका लूपमध्ये आठही होतात. मिस्रा सी २०१२ या सुरक्षित सी कोडच्या नियमावलीतही डायरेक्टिव्ह ४.९ हेच सांगतं की जिथे दोन्ही चालतात तिथे मॅक्रोपेक्षा फंक्शन बरं. तुमच्या मीटरला मिस्रा लागू असेल तर या बदलासाठी वेळ मागायला ते कारण पुरेसं आहे.

असर्टचा, म्हणजे 'ही अट खरी असलीच पाहिजे, नाहीतर थांब' असं सांगणाऱ्या मॅक्रोचा, प्रश्न याच जातीचा, पण त्याचं उत्तर वेगळं. असर्टची 'खोटं' फांदी कधी घडूच नये अशीच तुमची इच्छा असते, मग ती टेस्टमध्ये आणणार कशी? इथे एसक्यूलाइट या डेटाबेसवाल्यांची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. बचावासाठी लिहिलेल्या अटी ते ऑलवेज आणि नेव्हर या दोन मॅक्रोंत गुंडाळतात. नेहमीच्या रिलीजमध्ये हे मॅक्रो अट जशीच्या तशी पुढे देतात. डीबग बिल्डमध्ये अट अपेक्षेविरुद्ध गेली तर असर्टसारखे ओरडतात. आणि कव्हरेजच्या बिल्डमध्ये ते सरळ खरं किंवा खोटं असा स्थिर आकडा होतात, त्यामुळे फांदीच तयार होत नाही. 'ही अट घडणार नाही' हा दावा कोडमध्ये लिहिलेला राहतो, आणि दुसऱ्या बिल्डमध्ये तो तपासलाही जातो. अर्थात कव्हरेजच्या बिल्डमध्ये कोड बदलला हे खरंच, म्हणून ते त्याच टेस्ट कव्हरेजशिवायच्या, प्रत्यक्ष बाहेर जाणाऱ्या बिल्डवरही चालवतात. ही दुसरी पायरी गाळून पहिली उचलू नका.

तुमच्याकडे क्लँग हा दुसरा सी कंपायलर असेल तर अजून एक सोय आहे. क्लँगचं स्वतःचं कव्हरेज ओळींऐवजी सोर्समधल्या तुकड्यांवर चालतं, आणि त्याच्या एलएलव्हीएम-कोव्ह या रिपोर्टच्या साधनाला शो-एक्स्पान्शन्सचा पर्याय दिला की प्रत्येक मॅक्रो वापरलेल्या ओळीखाली तो उलगडून, आतल्या आकड्यांसकट दाखवतो. टेस्ट पीसीवर चालतात म्हणालात, म्हणजे हे एका दुपारचं काम आहे. रिलीजचा रिपोर्ट जीकोव्हचाच ठेवा, पण घोळ शोधायला हे वापरा. टेस्ट प्रत्यक्ष बोर्डवर आणि कंट्रोलरच्या कंपनीच्या कंपायलरवर चालत असत्या तर हा मार्ग बंद होता, तेव्हा हे तुमच्या परिस्थितीवर आहे. कव्हरेजचं बिल्ड ऑप्टिमायझेशन बंद ठेवूनच करा, नाहीतर कंपायलर ओळी एकमेकांत मिसळतो आणि आकड्यांना अर्थ राहत नाही. पुढेमागे सी प्लस प्लसकडे गेलात तर एक्सेप्शनमुळे फंक्शन कॉलवरही लपलेल्या फांद्या दिसतील. त्या गाळायला जीकोव्हआर या रिपोर्ट काढणाऱ्या साधनात वेगळा पर्याय आहे आणि तो वापरायला माझी हरकत नाही.

आता दुसरी तऱ्हा. तुम्ही तिच्याबद्दल विचारलेलं नाही, पण मला जास्त काळजी तिचीच वाटते. तुमचं ५१ टक्के निदान दिसतंय तरी. तुमच्या ९६ मध्ये काय दडलंय ते दिसत नाही.

महापेच्या एका कंपनीत आमच्या मीटरचे दोन प्रकार होते, सिंगल फेज आणि थ्री फेज. सोर्स एकच, फरक इफडेफनं पाडलेला. टेस्टचं बिल्ड सिंगल फेजचं होतं, कारण ते आधीपासून होतं. रिपोर्ट ९३ टक्के, आम्ही खुश. थ्री फेजच्या मीटरमध्ये एका फेजचं व्होल्टेज गेलं की त्याची तारीख-वेळेसह नोंद व्हायला हवी, आणि साइटवरून तक्रार आली की नोंद होतच नाही. मीटर परत आलं, बेंचवर लावलं, एक फेज काढली. डिस्प्लेवर काही नाही, मेमरीतही काही नाही. सोर्स उघडला तर नोंदीचा कोड समोर होता, नीट लिहिलेला. दोन दिवसांनी सापडलं: कोडमध्ये मॅक्रोचं नाव फेज_लॉस_नोंद होतं आणि मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये, फेजलॉस_नोंद. एका अंडरस्कोअरचा फरक. इफडेफला नाव ओळखीचं नसलं तर ती चूक ठरत नाही, तो कोड निमूटपणे कापला जातो. ना टेस्टच्या बिल्डमध्ये, ना गिऱ्हाइकाकडे गेलेल्या बिल्डमध्ये त्या चाळीसेक ओळी कधी कंपाइलच झाल्या नव्हत्या.

मी तेव्हा जुना रिपोर्ट काढून त्या ओळी बघितल्या. न चाललेल्या ओळीपुढे जीकोव्ह पाच हॅश छापतो आणि एलकोव्हच्या पानावर ती लाल होते. या ओळी लाल नव्हत्या, हिरव्याही नव्हत्या. त्यांच्यापुढे फक्त एक छोटी आडवी रेघ होती, जशी रिकाम्या ओळीपुढे किंवा कॉमेंटपुढे असते. टक्केवारीच्या छेदातसुद्धा त्या धरलेल्या नव्हत्या. त्या दिवसापासून मी रिपोर्टमध्ये लाल रंग नंतर बघतो, आधी रेघा बघतो.

त्यावर आम्ही काही गोष्टी बदलल्या. इफडेफ बंद केला आणि प्रत्येक फीचरच्या मॅक्रोला शून्य किंवा एक अशी किंमत सक्तीची केली, वापरताना साधा इफ. मग डब्ल्यू-अनडेफ हा इशारा चालू करून त्याला एररचा दर्जा दिला. किंमत न दिलेलं नाव इफमध्ये आलं की बिल्ड तिथेच थांबतं, त्यामुळे तो अंडरस्कोअर आता पहिल्याच मिनिटाला सापडला असता. इफडेफवर हा इशारा चालत नाही, म्हणून दोन्ही बदल एकत्रच करावे लागतात.

गिऱ्हाइकाकडे जाणारा प्रत्येक प्रकार वेगळा बिल्ड करून त्याचं कव्हरेज वेगळं काढायला लागलो. दर बिल्डला वेगळा फोल्डर द्या. एकाच फोल्डरमध्ये दोन प्रकार लागोपाठ बांधले तर काउंटरचे आकडे ठेवणाऱ्या जीसीडीए फाइली एकमेकींवर लिहिल्या जातात आणि आधीचे आकडे जातात. एलकोव्हला रिपोर्टांची बेरीज करता येते, ती अवश्य करा, पण वेगवेगळे रिपोर्टही ठेवा. बेरजेत एक धोका आहे: दोन्ही प्रकारांत सामाईक असलेलं फंक्शन फक्त सिंगल फेजमध्ये तपासलेलं असेल तरी बेरजेत ते हिरवंच दिसतं. आम्ही एक छोटी स्क्रिप्टही लिहिली, जी इफ आणि एंडिफच्या मधले असे तुकडे शोधते ज्यांच्या एकूण एक ओळींपुढे सगळ्या बिल्डमध्ये रेघ आहे. यादी लांबलचक येत नाही, डोळ्यांनी वाचता येते. पहिल्यांदा चालवली तेव्हा तिच्यात मेलेला कोड निघाला, आणि कुणीच न तपासलेला एक जिवंत तुकडाही.

जमेल तिथे तर मी फीचरचा फरक मॅक्रोतून काढून टाकतो. सिंगल फेजचं वागणं एका सी फाइलमध्ये, थ्री फेजचं दुसऱ्या, आणि कुठली जोडायची ते लिंक करताना ठरतं. दोन्ही फाइलींच्या टेस्ट रोज चालतात. एकच सावधगिरी, टेस्टच्या बिल्डमध्ये एखादी फाइल घालायचीच राहिली तर तीही रिपोर्टमधून गायब होते. फाइल कंपाइल होत असेल पण टेस्टमध्ये कधी चालत नसेल, तर एलकोव्हची टेस्टआधीची शून्याची नोंद, म्हणजे इनिशियलचा पर्याय, तिला शून्य टक्क्यांनी का होईना पण दाखवतो. मुळात कंपाइलच न झालेली फाइल त्यानंही दिसत नाही, ती मेकफाइलच्या यादीशी ताडूनच बघावी लागते.

एलिक्सिरच्या टीमचं कोडं म्हणजे तिसरी तऱ्हा. सीचा मॅक्रो म्हणजे मजकुराची अदलाबदल. एलिक्सिरचा मॅक्रो हे खरंखुरं फंक्शन असतं, फक्त ते कंपाइल होताना चालतं. त्यांचा प्रोजेक्ट आधी कंपाइल होतो, मॅक्रो त्या वेळी चालून मोकळे होतात, आणि त्यानंतर 'मिक्स टेस्ट' ही कमांड 'कव्हर' या साधनाचे काउंटर बसवून टेस्ट सुरू करते. काम झाल्यावर हजेरीची वही उघडली तर पान कोरंच दिसणार. टेस्टची फाइल मात्र काउंटर बसल्यावर कंपाइल होते, म्हणून टेस्टच्या आत एक छोटं मॉड्यूल लिहून त्यात तो मॅक्रो वापरला की आकडे येतात. त्याहून चांगलं म्हणजे मॅक्रोतलं डोकं साध्या फंक्शनमध्ये हलवायचं आणि त्याची नेहमीसारखी टेस्ट लिहायची, मॅक्रोत फक्त कोट (बाहेर टाकायच्या कोडचा साचा) आणि त्या फंक्शनचा कॉल ठेवायचा. तुमच्या चेक_रिटर्नला जे करायचं तेच हे आहे. त्यांनी शून्याला घाबरू नये, पण ती फाइल रिपोर्टमधून काढूनही टाकू नये.

मॅनेजरच्या ८० टक्क्यांबद्दल. मी तुमच्या जागी असतो तर आकडा घेऊन गेलो नसतो, एक उलगडलेली ओळ घेऊन गेलो असतो. तुमच्या सगळ्यात वाईट फंक्शनमधली एक ओळ घ्या, कॅपिटल ई नं उलगडा, कागदावर छापा आणि सहा फांद्यांना पेननं नंबर द्या. यातल्या चार मॅक्रोच्या, दोन आमच्या, हे दहा मिनिटांत समजतं, मॅनेजर कोड लिहिणारे नसले तरी. मग चार दिवस मागा: दोन दिवस मॅक्रो बारीक करायला, दोन दिवस तुमच्या मीटरच्या दुसऱ्या प्रकाराचं बिल्ड, असेल तर, कव्हरेजमध्ये आणायला. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा की दुसरं बिल्ड आलं की तुमचं ९६ खाली येईल, कदाचित बरंच खाली. ते आधी सांगितलं तर त्यांना कळतं की आता खरं दिसायला लागलंय. नंतर सांगितलं तर तुम्ही काहीतरी बिघडवलंत असं वाटतं. रिपोर्टच्या पहिल्या पानावर कुठला प्रकार, कुठले मॅक्रो कुठल्या किमतीला आणि कुठला कंपायलर हे छापायची सवय लावा. आम्ही ते मेकफाइलमधूनच आपोआप उमटवतो.

मीटरला एखादं सुरक्षेचं प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर ओळी वगळण्याआधी तपासणाऱ्यांशी बोला. विमानांच्या डीओ-१७८सी या मानकात अ पातळीला आणि गाड्यांच्या आयएसओ २६२६२ मध्ये एसिल डी या सगळ्यात कडक पातळीला एमसीडीसी नावाचं कव्हरेज बघतात, तिथे अटीतला प्रत्येक भाग वेगळा मोजतात आणि मॅक्रोच्या पोटातल्या अटीही त्यात येतात. जीसीसी १४ आणि क्लँग १८ पासून ते मोजण्याची सोय दोन्हींत आहे. तुमच्या मीटरला इतकं लागेल असं वाटत नाही, पण ते तुमच्या गिऱ्हाइकाच्या करारावर आहे.

आज एवढंच करा: चेक_रिटर्न वापरलेली एक ओळ आणि तुमच्या लॉगच्या मॅक्रोची एक ओळ उलगडून मला दाखवा. आणि तुमच्या सोर्समध्ये इफडेफ किती ठिकाणी आहेत, त्यातली किती नावं टेस्टच्या मेकफाइलमध्ये दिलेली आहेत, हे दोन आकडे मोजून सांगा. ५१ मधलं किती मॅक्रोचं आणि किती तुमचं ते त्या दोन ओळींवरून सांगता येईल. ९६ वर किती विश्वास ठेवायचा ते त्या दोन आकड्यांवरून ठरवू.